पदवी दुसरी, अर्ज कॉम्प्युटर सायन्सला

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच वळणावर उभी आहेत. पदवी मेकॅनिकलची, वाणिज्याची, भौतिकशास्त्राची नाहीतर मराठीची आहे आणि पदव्युत्तर शिक्षण मात्र कॉम्प्युटर सायन्समध्ये घ्यायचं आहे. त्यांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत. प्रवेशाच्या अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

प्रश्न : मेकॅनिकल इंजिनिअरिंग होऊन सहा वर्षं झाली. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादन नियोजनात आहे. पायथन स्वतःच शिकलो. मशिन बंद पडल्याच्या नोंदी आणि देखभाल विभागाच्या नोंदी जुळवणारा प्रोग्रॅम लिहिला. दोन्हीकडे चाळीस-चाळीस हजार ओळी असतात. आधी पाऊण तास लागायचा, डिक्शनरी (किल्लीवरून नोंद लगेच काढून देणारी पायथनमधली रचना) वापरल्यावर काही सेकंदांत काम होतं. सीजीपीए ६.९, एम-थ्रीला (गणिताच्या तिसऱ्या पेपरला) केटी. अमेरिकेत एमएस करायचं आहे. एसओपीची (का शिकायचं आहे हे सांगणाऱ्या निवेदनाची) सुरुवात 'लहानपणापासून मला संगणकाची आवड' अशी केली आहे. ठीक आहे का? (पुणे)

ते वाक्य काढून टाका. तुमच्याकडे त्याहून कितीतरी मोलाची गोष्ट आहे, आणि ती तुम्ही आम्हाला लिहिलेल्या पत्रात आहे, एसओपीत नाही!

दुसऱ्या शाखेचा अर्ज हातात आला की वाचणाऱ्या प्राध्यापकाला एकच काळजी असते. पहिल्या सत्रातला अल्गोरिदमचा आणि सिस्टिम्सचा विषय हा विद्यार्थी काढेल का? शाखा का बदलली हे त्यानंतर येतं. त्यामुळे अर्जातला प्रत्येक कागद त्या काळजीला उत्तर देणारा हवा.

तुमच्या प्रोग्रॅमकडे त्या नजरेनं पाहा. आधी तुम्ही एका यादीतली प्रत्येक ओळ दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक ओळीशी ताडून पाहत होता. चाळीस हजार गुणिले चाळीस हजार म्हणजे १६० कोटी तुलना. डिक्शनरीत मशिनचा क्रमांक आणि तारीख ही किल्ली ठेवल्यावर एक यादी एकदा भरायची आणि दुसरी एकदा वाचायची, म्हणजे साधारण ८० हजार पायऱ्या. पाऊण तासाचे सेकंद झाले ते यामुळे. हे आकड्यांसकट लिहा. पण तिथे थांबू नका. रात्रपाळीत मशिन २३:४० ला बंद पडलं आणि ००:२० ला सुरू झालं, तर देखभालीची नोंद दुसऱ्या तारखेवर पडते आणि तुमची किल्ली जुळत नाही. हा प्रश्न आता नुसत्या शोधाचा राहत नाही, कालखंड एकमेकांवर येतात की नाही ते तपासण्याचा होतो. त्यासाठी सुरुवातीच्या वेळेनुसार क्रम लावणं किंवा इंटरव्हल ट्री (कालखंड साठवून झटपट शोधणारी रचना) लागतो. तेव्हा परिच्छेद असा उतरू द्या : "तारखेच्या किल्लीमुळे वेग आला, पण मध्यरात्र ओलांडणाऱ्या नोंदी सुटतात. त्या मी आज हातानं तपासतो. अशा प्रश्नांची पद्धतशीर उकल मला येत नाही आणि तीच शिकायची आहे." आपलं ज्ञान नेमकं कुठे संपतं हे ज्याला दाखवता येतं, त्याच्यावर परीक्षक विश्वास ठेवतात.

एसओपी दोन पानांच्या आत ठेवा, साधारण ८०० ते १००० शब्द. विद्यापीठानं मर्यादा दिली असेल तर ती पाळा. आधी हा प्रश्न, मग तुम्ही केलेली तयारी गुणांसह, मग त्या विद्यापीठातले दोन-तीन नेमके विषय आणि ते का हवेत. विद्यापीठाचं मानांकन, परिसर, 'जागतिक दर्जाचे प्राध्यापक' हे सगळं गाळा. दहा विद्यापीठांना चालेल असा परिच्छेद एकालाही पटत नाही.

केटी लपवू नका, गुणपत्रिकेत ती दिसतेच. एसओपीत तिच्यावर परिच्छेद खर्च करू नका. अर्जात जादा माहितीसाठी वेगळा रकाना असतो, तिथे तीन वाक्यं पुरतात : कोणत्या सत्रात राहिली, कधी सुटली, त्यानंतर गणितात काय केलं. तिसरं वाक्य लिहिता यावं म्हणून एनपीटीईएलवर (आयआयटी-आयआयएस्सींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर) डिस्क्रीट मॅथ्स आणि प्रोबॅबिलिटी हे दोन विषय घ्या. नावनोंदणी मोफत असते, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला विषयामागे सुमारे एक हजार रुपये पडतात. अंतिम गुणांत स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. नुसते व्हिडिओ पाहून मिळालेलं प्रमाणपत्र आणि पर्यवेक्षकासमोर दिलेली परीक्षा यांत समिती मोठा फरक करते. एम-थ्रीचा डाग धुवायचा तर ७५ च्या वर गुण हवेत. जुलैच्या सत्रापेक्षा जानेवारीचं सत्र धरा. जुलैच्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आसपास होते आणि डिसेंबरच्या मुदतीआधी निकाल हातात येईलच याची खात्री नसते.

तुमच्यासारख्यांसाठीच आखलेले अभ्यासक्रम आहेत, ते आधी पाहा. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचा एमसीआयटी २००१ पासून दुसऱ्या शाखांच्या पदवीधरांसाठी चालतो. नॉर्थईस्टर्नच्या अलाइनमध्ये सुरुवातीची दोन सत्रं पायाभूत विषयांची असतात, मग नेहमीचं एमएस. शिकागो विद्यापीठाच्या एमपीसीएसमध्ये आधी प्रोग्रॅमिंगची तयारी करून घेण्याची सोय आहे. अलाइनसारख्या अभ्यासक्रमात पायाभूत सत्रांची फी आणि राहण्याचा खर्चही येतो, तो हिशेबात धरा. आणि एक चूक हमखास होते : एमसीआयटीची ऑनलाइन आवृत्तीही आहे, पण ऑनलाइन अभ्यासक्रमावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. नावं सारखी असल्यानं अर्ज भलत्याच दुव्यावर भरला जातो.

सीजीपीएचं चारच्या मोजपट्टीवर स्वतः रूपांतर करू नका. अर्जात विद्यापीठाची मूळ मोजपट्टी लिहा. ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी) परीक्षा विभागात दोन महिने आधी अर्ज टाका. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा अनेक ठिकाणी ऐच्छिक झाली आहे. सप्टेंबर २०२३ पासून ती दोन तासांच्या आत संपते आणि गुण पाच वर्षं चालतात. केटी असलेल्याला गणिती विभागातले चांगले गुण उपयोगी पडतात, त्यामुळे ऐच्छिक असली तरी द्या.

प्रश्न : बीकॉम आहे, सांगलीत पतसंस्थेत चार वर्षं हिशेब पाहतो. क्लासवाले म्हणतात गेट (एमटेकसाठीची परीक्षा) द्या, बीकॉमला चालतं. मित्र म्हणतो एमसीए (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्समधली पदव्युत्तर पदवी) कर. शिवाय मला हे झेपेल का, हे कसं ओळखायचं? (सांगली)

क्लासवाल्यांनी अर्धंच सांगितलं. गेटला बसायला बीकॉम चालतं हे खरं. पण गेटला बसता येणं वेगळं आणि एमटेकला प्रवेश मिळणं वेगळं. एमटेकसाठी संस्था बहुतेक ठिकाणी बीई, बीटेक, एमएस्सी किंवा एमसीए मागतात. आज गेटवर वर्ष घातलंत तर चांगले गुण मिळूनही ते वापरायला जागा सापडणं कठीण.

तुमचा रस्ता एमसीएचा, आणि तो बारावीच्या एका निवडीवर अवलंबून असू शकतो. बारावी वाणिज्यला तुम्ही गणित घेतलं होतं की एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती)? बीकॉमवाल्याला एमसीएसाठी बारावीला किंवा पदवीला गणित असणं अनेक ठिकाणी आवश्यक असतं. शिवाय पदवीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५. बारावीला एसपी असेल तर बीकॉमच्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिका काढा. तिथे गणित-संख्याशास्त्राचा विषय असेल तर तो चालतो का, हे सीईटी कक्षाकडे लेखी विचारा. फोनवर मिळालेलं 'हो' कागदपत्र पडताळणीच्या दिवशी कामी येत नाही. एनआयटींतल्या एमसीएसाठी निमसेट ही प्रवेश परीक्षा असते, पण तिच्या पात्रतेत बीकॉम बसत नाही. एमसीए आता दोन वर्षांचं आहे. दुसऱ्या शाखेतून आलेल्यांना विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ब्रिज कोर्स करावा लागतो. एमसीएनंतर मात्र गेटचे गुण खरोखर उपयोगाचे. ते निकालापासून तीन वर्षं चालतात.

झेपेल का, हे घरीच तपासा, त्यासाठी फी लागत नाही. दोन महिने रोज एक तास पायथन करा. मग कागद-पेन घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि चढत्या क्रमानं लावलेल्या खातेक्रमांकांतून एक खाते शोधायचा प्रोग्रॅम लिहा. अट अशी की दर पायरीला यादी निम्मी झाली पाहिजे. याला बायनरी सर्च म्हणतात, पंधरा ओळींत बसतो. आता तो एकाच खात्याच्या यादीवर, रिकाम्या यादीवर आणि यादीत नसलेल्या क्रमांकावर हातानं चालवून पाहा. बहुतेकांचा प्रोग्रॅम तिसऱ्या वेळी कधी थांबतच नाही, कारण मधल्या जागेच्या पुढे सरकताना त्यात एक मिळवायचं राहिलेलं असतं. चूक होणारच, तिचं काही नाही. ती शोधायला बसल्यावर दीड तास कसा गेला हे तुम्हाला कळलं नाही, तर पुढे जा. दहा मिनिटांत उत्तर बघावंसं वाटलं, तर आणखी दोन महिने थांबा आणि पुन्हा बसा.

प्रश्न : जर्मनीत फी नाही म्हणून तिथे अर्ज करायचा आहे. मीही मेकॅनिकलचा, आठ वर्षांचा अनुभव. (छत्रपती संभाजीनगर)

संगणकशास्त्राच्या नेहमीच्या मास्टर्ससाठी जर्मनी हा तुमच्यासाठी सर्वांत अवघड देश आहे. तिथली विद्यापीठं तुमच्या पदवीतले विषय मोजतात. सैद्धांतिक संगणकशास्त्र, प्रोग्रॅमिंग, गणित या प्रत्येकात किती ईसीटीएस क्रेडिट्स (युरोपातलं अभ्यासाचं माप) झाली याचा हिशेब लागतो आणि एक पूर्ण सत्र म्हणजे ३० क्रेडिट्स. आठ वर्षांचा अनुभव किंवा ऑनलाइन प्रमाणपत्रं त्या रकान्यात सहसा बसत नाहीत. मेकॅनिकलला धरून असलेले संगणकीय अभियांत्रिकी, मेकॅट्रॉनिक्स, रोबोटिक्स असे अभ्यासक्रम शोधा, तिथे तुमचे विषय मोजले जातात. भारतीय पदवीधरांना २०२२ च्या अखेरपासून एपीएस प्रमाणपत्र (पदवीची कागदपत्रं तपासल्याचं) सक्तीचं आहे, ते आधी मिळवा. आणि फी सगळीकडे माफ नाही : बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १५०० युरो पडतात.

प्रश्न : पदवी होऊन नऊ वर्षं झाली. दोन सर निवृत्त झाले, तिसरे म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' तीन शिफारसपत्रं कुठून आणू? (नाशिक)

स्वतः लिहून सही घेऊ नका. ते अप्रामाणिक आहे, आणि पकडलंही जातं : तिन्ही पत्रांत तेच शब्द, तीच वाक्यरचना, तीच विशेषणं. अर्ज बाद व्हायला एवढं पुरतं.

सरांना वेळ नसतो, त्यांना नऊ वर्षांपूर्वीचं आठवत नसतं, अडचण एवढीच आहे. ती दूर करणारं एक पान त्यांना द्या. कोणत्या वर्षी कोणता विषय त्यांच्याकडे शिकलात, गुण किती, प्रकल्प कोणता, त्यात तुमचा वाटा काय, त्यानंतर काय केलंत, कुठे अर्ज करताय आणि प्रत्येकाची मुदत. घटना तुम्ही द्या, मत त्यांचं असू द्या. विचारताना असं विचारा : "सर, माझ्याबद्दल सविस्तर आणि अनुकूल लिहिता येईल का? नसेल तर मोकळेपणानं सांगा." कोरडं पत्र मिळण्यापेक्षा नकार बरा. मुदतीच्या आठ आठवडे आधी विचारा, दोन आठवडे आधी आठवण करा आणि तीन दिवस आधी पुन्हा एकदा. पत्राची लिंक विद्यापीठाकडून थेट सरांच्या ईमेलवर जाते आणि अनेकदा स्पॅममध्ये पडते. 'सरांनी पाठवलंच नाही' असं ज्यांच्याबद्दल वाटतं, त्यांच्यापैकी पुष्कळांना लिंक दिसलेलीच नसते.

निवृत्त सरांचं पत्र चालतं. त्यांनी पूर्वीचं पद आणि तुम्हाला कोणत्या काळात शिकवलं ते लिहावं. एक पत्र कामावरच्या वरिष्ठांचं घ्या. ज्यांनी तुमचं तांत्रिक काम रोज पाहिलं तेच निवडा, मोठ्या हुद्द्यावरच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या साहेबांचं नको. उरलेलं एक पत्र संगणकाचा विषय शिकवून तुमचे पेपर तपासलेल्या कोणाचं तरी असेल तर अर्जाचं वजनच बदलतं. वर्ष हाताशी असेल तर सीडॅक या सरकारी संस्थेचा, पीजी-डॅक या नावानं ओळखला जाणारा संगणकाचा अभ्यासक्रम पाहा : सहा महिने, पूर्णवेळ, सुमारे ९०० तास, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. नोकरी सोडणं शक्य नसेल तर जवळच्या महाविद्यालयातला परीक्षा घेणारा संध्याकाळचा अभ्यासक्रम शोधा.

अर्जात 'हे पत्र पाहण्याचा हक्क सोडता का' असं विचारतात, तिथे हो म्हणा. नाही म्हटलं की पत्राची किंमत निम्मी होते.

प्रश्न : टीवायबीएस्सी भौतिकशास्त्र. पदवी तीन वर्षांची म्हणून परदेशाची दारं बंदच का? (रत्नागिरी)

बंद नाहीत. अमेरिकेत अनेक विद्यापीठं एकूण सोळा वर्षांचं शिक्षण मागतात आणि तिथे तुमची पंधराच भरतात. पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेनं समकक्ष ठरवलं तरी विद्यापीठ ते मानेलच असं नाही, म्हणून मूल्यांकनाची फी भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करा. ब्रिटनमध्ये तीन वर्षांची पदवी चालते आणि दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांसाठी एक वर्षाचे कन्व्हर्जन मास्टर्स आहेत. तिथे नावांनी फसायला होतं. लंडनच्या यूसीएल विद्यापीठाचं 'एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स' हे दुसऱ्या शाखांतल्या पदवीधरांसाठीच आहे. लंडनच्याच इम्पीरियल कॉलेजमध्ये तुमच्यासाठीचा अभ्यासक्रम 'कॉम्प्युटिंग', तर 'ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंग' संगणकाच्या पदवीधरांसाठी.

पण भौतिकशास्त्रवाल्यानं आधी देशातच पाहावं असं आमचं मत आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचं डेटा सायन्सचं एमएस्सी स्वतःच्या प्रवेश परीक्षेवर चालतं. जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. त्यांतली एक आजच वेळ लावून सोडवा. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता तुम्ही शिकलेले आहात, ही वाणिज्यच्या मुलाहून दोन वर्षांची आघाडी आहे.

प्रश्न : मराठीत एमए, बीएड, वय ३९, माध्यमिक शाळेत शिकवते. गणित दहावीपर्यंतच. संगणकावर मराठीचा शोध आणि शुद्धलेखन तपासणी नीट चालत नाही, त्यावर काम करायचं आहे. नोकरी सोडता येणार नाही. (लातूर)

रस्ता आहे, तीन-चार वर्षांचा आहे, आणि या विषयाला तुमच्यासारखी माणसं हवी आहेत.

सुरुवात गणितापासून. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएसला बारावी उत्तीर्ण आणि दहावीला गणित व इंग्रजी एवढं पुरतं, शाखेची आणि वयाची अट नाही. आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि पात्रता परीक्षा. फाउंडेशन पातळीवर आठ विषय : गणिताचे दोन, संख्याशास्त्राचे दोन, इंग्रजीचे दोन, संगणकीय विचार आणि पायथन. एका सत्रात दोनच घ्या, शाळेच्या परीक्षांच्या दिवसांत एकच. पूर्ण पदवी करायची गरज नाही.

मग मास्टर्स. कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या ऑनलाइन एमएसला जुन्या गुणपत्रिका मागत नाहीत. ठरवून दिलेले तीन विषय सरासरी बी श्रेणीत काढले की प्रवेश, एकूण ३० क्रेडिट्स. जॉर्जिया टेकचं ऑनलाइन एमएस (ओएमएससीएस) २०१४ पासून चालू आहे, दहा विषयांचं. तिथे मात्र रीतसर अर्ज करावा लागतो आणि पहिल्या वर्षात दोन पायाभूत विषयांत किमान बी लागतो. तुम्ही बोल्डरनं सुरुवात करावी. तीन विषयांत जमलं नाही तर नुकसान तेवढ्याच फीचं.

दरम्यान प्रकल्प आजच सुरू करता येईल. वर्तमानपत्रातले ५०० शब्द घ्या आणि विभक्ती काढून मूळ शब्द देणारा प्रोग्रॅम लिहा. 'घोड्याला'तून 'ला' काढलं की 'घोड्या' उरतं, ते 'घोडा' करायला सामान्यरूपाचा नियम उलटा चालवावा लागतो. तोच नियम 'गाड्यांना'वर लावला की 'गाडा' येतो, पण लिहिणाऱ्याला बहुधा 'गाडी' म्हणायचं असतं. दोन्ही शब्द खरे, दोन्हींचं रूप एकच. इथे नियम संपतो आणि आजूबाजूचे शब्द पाहावे लागतात. 'माणसाला', 'बहिणीला', 'पाण्याला' प्रत्येकाची वेगळी तऱ्हा. ५०० पैकी किती बरोबर आले, कोणत्या प्रकारचे चुकले, याचा तक्ता ठेवा. तो तक्ता अर्जातलं तुमचं सर्वांत भक्कम पान असेल. मूळ शब्द पडताळायला आयआयटी मुंबईतलं मराठी वर्डनेट (शब्द आणि त्यांच्या अर्थांचे संबंध सांगणारा कोश) आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत भाषा तंत्रज्ञानाचं संशोधन केंद्र आहे, तिथल्या प्रवेशाच्या अटीही वाचून ठेवा.

एका गोष्टीनं पहिल्याच आठवड्यात तुमचा दिवस जाईल, म्हणून सांगून ठेवतो. 'दुसऱ्या'मधला ऱ्य युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत) दोन प्रकारे टाइप होतो : नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक घेऊन. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण प्रोग्रॅम त्यांना वेगळे शब्द समजतो. मजकूर वाचून घेतल्याबरोबर सगळे ऱ्य एकाच प्रकारात बदलून घ्या, मगच मोजायला सुरुवात करा.